वाट्याला आलेले वाद्य आणि निवडलेले वाद्य

१९३५ साली मुंबई इलाख्यात दोन गोष्टी घडल्या. १३ ऑक्टोबरला येवल्याच्या परिषदेत बाबासाहेबांनी हिंदू म्हणून मरणार नाही अशी घोषणा केली. त्याच वर्षी मुंबईत मेहली मेहता या पारशी व्हायोलिनवादकाने बॉम्बे सिंफनी ऑर्केस्ट्रा उभा केला. पहिल्या घटनेवर आपण दरवर्षी बोलतो, लिहितो. दुसरी आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असेल, आणि ठाऊक असण्याचे काही कारणही नव्हते. परळच्या चाळीत राहणाऱ्या गिरणी कामगाराला त्या मैफलीच्या दारात कोणी अडवले असते की नाही, हा प्रश्नच उद्भवत नव्हता. तो त्या दारापर्यंत पोचणारच नव्हता. तरीही या दोन घटना शेजारी ठेवून पाहाव्यात असे मला वाटते. जन्माने जे अंगाला चिकटवले गेले ते माणसाने मरेपर्यंत वागवायचे की त्याला निवडीचा अधिकार आहे, हा येवल्याचा प्रश्न होता. तो केवळ धर्मापुरता नव्हता. वाद्यालाही तो लागू पडतो.

आपल्याकडे ऑर्केस्ट्रा म्हटले की गणपतीत सिनेमाची गाणी म्हणणारा संच डोळ्यांपुढे येतो. सिंफनी ऑर्केस्ट्रा ही वेगळी संस्था आहे. ऐंशी-नव्वद, कधी शंभर वादक. त्यांत निम्म्याहून अधिक तंतुवाद्ये: पहिली व्हायोलिने, दुसरी व्हायोलिने, व्हायोला, चेलो, डबल बास. त्यांच्या मागे बासरी-ओबो-क्लॅरिनेटसारखी फुंकवाद्ये, मग पितळी वाद्ये, आणि सगळ्यांत मागे टिंपनी म्हणजे मोठे नगारे. प्रत्येकापुढे कागद असतो. त्या कागदावर जे लिहिले आहे तेच आणि तेव्हाच वाजवायचे. सुरुवातीला ओबोवाला एक सूर देतो आणि सगळे त्या सुराला आपापले वाद्य लावून घेतात. कन्चेर्तो असेल तर शेवटी एकल वादक येतो आणि संचालकाच्या डाव्या हाताला उभा राहतो. मध्येच अशी जागा येते की सगळा ऑर्केस्ट्रा थांबतो आणि तो एकटाच वाजवतो. टाळ्या त्याला मिळतात, दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात नाव त्याचे येते. मागच्या रांगेतल्या सोळाव्या व्हायोलिनवाल्याचे नाव कोणी लिहीत नाही.

१९५२ च्या सुरुवातीला यहुदी मेन्युहिन भारतात आले. नेहरूंचे निमंत्रण होते, आणि कार्यक्रमांचे उत्पन्न दुष्काळनिवारणासाठी जायचे होते. अकराव्या वर्षी न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये बेथोव्हेनचा कन्चेर्तो वाजवून हा मुलगा जगप्रसिद्ध झाला होता. मुंबईत त्यांच्या साथीला मेहतांचा ऑर्केस्ट्रा होता. मेहतांचा मुलगा झुबिन तेव्हा पंधरा वर्षांचा होता आणि वडिलांच्या तालमी घेत होता. या दौऱ्याच्या आठवणी पुष्कळ लिहिल्या गेल्या. मेन्युहिन आणि रविशंकर यांची मैत्री, मेन्युहिन आणि योगाचार्य अय्यंगार यांची भेट, पूर्व-पश्चिमेचे मीलन वगैरे. त्याच सुमारास, १९५२ च्या जानेवारीत, उत्तर मुंबईत बाबासाहेब लोकसभेची निवडणूक हरले होते. हा योगायोग आहे, त्यातून काही सिद्ध होत नाही. एका शहरात एकाच मोसमात किती वेगवेगळी शहरे नांदतात एवढेच त्यातून दिसते.

मेन्युहिन यांच्याविषयी एक गोष्ट मात्र त्या आठवणींमध्ये हवी तेवढ्या ठळकपणे येत नाही, आणि आपल्याला ती सगळ्यांत आधी कळेल. त्यांच्या जन्माआधी त्यांचे आईवडील न्यूयॉर्कमध्ये भाड्याची खोली शोधत होते. एक घरमालकीण खोली दाखवून झाल्यावर खूश करायला म्हणाली की आम्ही ज्यू लोकांना ठेवत नाही. बाहेर पडल्यावर आईने ठरवले की मुलाचे नाव यहुदी ठेवायचे, म्हणजे ज्यू. पुढे कोणाला शंकाच राहू नये! खोली नाकारल्याचा अनुभव आपल्याकडे ज्याला नाही असा शिकलेला माणूस विरळा. आडनाव बदलून खोली मिळवणारेही आपण पाहिले आहेत, आणि त्यांना दोष देण्याचे धाडस मी करणार नाही. पण त्या आईने उलटा मार्ग धरला. ते नाव पुढे जगभरच्या मैफलींच्या फलकांवर मोठ्या अक्षरांत लागले.

आता वाद्याकडे वळू. महाराष्ट्राच्या गावगाड्यात वाद्य कोणी निवडत नसे. ते जन्माबरोबर गळ्यात पडे. मांगाच्या गळ्यात हलगी, काही भागांत तिलाच डफडे म्हणतात. होलाराकडे वाजंत्र, गुरवाकडे देवळातले वाद्य, गोंधळ्याकडे संबळ, वाघ्याकडे दिमडी. गावच्या पाटलाकडे लग्न असले की हलगीवाल्याने उन्हात उभे राहून वाजवायचे, वरात देवळात गेली की आपण पायरीखाली थांबायचे, आणि शेवटी पंगत उठल्यावर उरलेले घेऊन जायचे. त्याच्या हातात किती लय आहे, एका कातड्यातून तो किती बोल काढतो, हे कोणी विचारले नाही. ती कला नव्हती, काम होते. म्हणून तर जागृती झाल्यावर गावोगाव पहिला नकार या वाद्याला दिला गेला. मेलेले ढोर ओढणार नाही, तशी देवापुढे हलगी वाजवणार नाही. त्या नकारापायी बहिष्कार सोसावे लागले.

याच काळात व्हायोलिनचे काय झाले ते पाहण्यासारखे आहे. हे वाद्य गोऱ्यांनी आणले. दक्षिणेत मुथुस्वामी दीक्षितांचे धाकटे भाऊ बालुस्वामी यांनी ते आधी उचलले आणि बघता बघता ते कर्नाटक संगीताचे अनिवार्य साथवाद्य झाले. महाराष्ट्रात गजाननराव जोशी, वि. गो. जोग, डी. के. दातार, प्रभाकर जोग अशी थोर वादकांची परंपरा झाली. या सर्वांच्या साधनेविषयी मला आदर आहे. पण एक प्रश्न विचारला पाहिजे. जुन्या व्हायोलिनची तात मेंढीच्या आतड्याची असे. गज घोड्याच्या शेपटीच्या केसांचा. वाद्य परदेशी, म्हणजे सोवळ्याच्या हिशेबाने म्लेच्छांचे. ते हनुवटीखाली धरायचे. यातल्या कशानेही विटाळ झाला नाही. बकऱ्याच्या कातड्याच्या हलगीने मात्र झाला. तेव्हा विटाळ कातड्यात नव्हता, आतड्यातही नव्हता. वाजवणाऱ्याच्या जन्मात होता. तबल्याची पुडी मढवणारा वेगळा आणि तबल्यावर बसणारा वेगळा, ही विभागणीही त्याच न्यायाची. टी. एम. कृष्णा यांनी २०२० साली मृदंग बनवणाऱ्या दलित कारागिरांवर पुस्तक लिहिले तेव्हा अनेकांना ही गोष्ट नवीन वाटली. ती त्यांना नवीन वाटावी हेच आश्चर्य.

बाबासाहेबांनी १९३६ साली जातिनिर्मूलनाच्या भाषणात लिहिले की जात ही श्रमांची नव्हे तर श्रमिकांची विभागणी आहे, आणि तीही उतरंडीची. ऑर्केस्ट्रा पाहताना मला हे विधान नेहमी आठवते. ऑर्केस्ट्रात श्रमांची विभागणी आहे, आणि अत्यंत काटेकोर आहे. पण टिंपनी वाजवणारा टिंपनीवाल्याचा मुलगा म्हणून तिथे बसलेला नसतो. त्याच्या पुढ्यात शतकानुशतके वासराचेच कातडे ताणलेले असे, प्लॅस्टिक अलीकडचे. तरी तो इतरांसारखाच काळा कोट घालतो, खुर्चीवर बसतो, कागद वाचतो, पगार घेतो. चाळीस मिनिटांच्या रचनेत त्याला कधीकधी दहाच ठिकाणी वाजवायचे असते. उरलेला वेळ तो मोजत बसतो, आणि त्याच्या त्या मोजण्यालाही कामाचा दर्जा आहे. बेथोव्हेनच्या व्हायोलिन कन्चेर्तोची सुरुवातच टिंपनीच्या पाच ठोक्यांनी होते. ज्या रचनेसाठी जगातले एकल वादक आयुष्य वेचतात तिचे पहिले स्वर नगाऱ्यावर आहेत, आणि एकल वादक तोवर व्हायोलिन खाली धरून उभा असतो. हलगीवाल्याला खुर्ची, कागद आणि कोट द्या, असे मी म्हणत नाही. कातड्याचे वाद्य वाजवणे म्हणजे हीनपणा हा निसर्गनियम नाही, एवढेच मला दाखवायचे आहे.

पण ऑर्केस्ट्राला समतेचे मंदिर ठरवून आरती करण्याचेही कारण नाही. जोसेफ बोलोन्य, शेव्हालिए द सेंट-जॉर्ज, हा ग्वादलुप बेटावरच्या गोऱ्या मळेवाल्याचा आणि गुलाम स्त्रीचा मुलगा. अठराव्या शतकात पॅरिसमधला श्रेष्ठ व्हायोलिनवादक आणि तिथल्या एका नामवंत ऑर्केस्ट्राचा प्रमुख. स्वतः कन्चेर्तो लिहायचा आणि स्वतःच एकल वादक म्हणून उभा राहायचा. १७७६ साली पॅरिसच्या ऑपेराचे संचालकपद त्याला मिळण्याची वेळ आली तेव्हा तिथल्या गायिकांनी राणीकडे अर्ज केला की मिश्र रक्ताच्या माणसाच्या हुकमाखाली आम्ही काम करणार नाही. पद गेले. दुसरा ब्रिजटॉवर, आफ्रिकी वंशाच्या बापाचा मुलगा. २४ मे १८०३ रोजी व्हिएन्नात बेथोव्हेनबरोबर त्याने एक सोनाटा पहिल्यांदा वाजवला. बेथोव्हेनने तो त्याच्यासाठीच लिहिला होता. पुढे दोघांचे बिनसले आणि बेथोव्हेनने अर्पण बदलून क्रॉइट्झर या वादकाला दिले. क्रॉइट्झरने तो सोनाटा कधी मैफलीत वाजवलाच नाही. आज जग तो क्रॉइट्झरच्याच नावाने ओळखते. व्हिएन्ना फिलहार्मोनिकने स्त्रियांना अधिकृत सदस्यत्व दिले ते १९९७ साली. त्याआधी वीसहून अधिक वर्षे तिथे हार्प वाजवणाऱ्या बाईचे नावही कार्यक्रमपत्रिकेत छापत नसत.

न्यूयॉर्क फिलहार्मोनिकविरुद्ध १९६९ साली दोन काळ्या वादकांनी शहराच्या मानवी हक्क आयोगाकडे तक्रार केली. बदली वादक घेताना पक्षपात होतो असा निष्कर्ष पुढच्या वर्षी निघाला. त्या सुमारापासून अमेरिकेत पडद्याआडून परीक्षा घेण्याची पद्धत वाढत गेली. परीक्षक एका बाजूला, उमेदवार दुसऱ्या बाजूला. चपलांच्या आवाजावरून स्त्री की पुरुष हे कळू नये म्हणून खाली गालिचा. गुणवत्तेचे गुणगान करणाऱ्या आपल्या मित्रांनी या पडद्याचा इतिहास जरूर वाचावा. पडद्यामुळे स्त्रियांची संख्या खूप वाढली. काळ्या वादकांची मात्र अलीकडेपर्यंत दोन टक्क्यांच्या आसपासच राहिली. याचा अर्थ काय? पडदा परीक्षेच्या दिवशी रंग झाकतो. परीक्षेआधीची पंधरा वर्षे, वाद्य, शिक्षक, रियाजाला खोली, हे सारे तो देऊ शकत नाही. शेवटच्या पायरीवर कोणी अडवले नाही म्हणून जिना सगळ्यांसाठी होता असे ठरत नाही.

मुंबईतही हेच घडले, पण जरा निराळ्या तऱ्हेने. मेहतांच्या ऑर्केस्ट्रात हौशी पारशी होते, नौदलाच्या बँडमधले वादक होते, आणि मोठा भरणा गोव्याच्या व्यावसायिक वादकांचा होता. गोव्याची ही गरीब घरची मुले स्वरलिपी वाचायला कुठे शिकली? चर्चच्या गावशाळेत. पोर्तुगीज राजवटीच्या पापांची यादी लांब आहे, आणि गोव्यातल्या ख्रिश्चनांनी जात सोडली असेही नाही. पण खेड्यातल्या मुलाला अक्षरांबरोबर स्वरही वाचायला शिकवणारी व्यवस्था तिथे होती. त्या एका गोष्टीवर मुंबईचे हॉटेल बँड, सिंफनी ऑर्केस्ट्रा आणि पुढे सिनेमाचे संगीत उभे राहिले. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस यातले एक. प्यारेलाल आणि राहुलदेव बर्मन यांना त्यांनी व्हायोलिन शिकवले. १९५८ साली मुंबईत त्यांनी मोठा वाद्यवृंद जमवून भारतीय रागांवर बेतलेल्या आपल्या रचना सादर केल्या. लता मंगेशकर आणि मन्ना डे त्यात गायले. १९६५ च्या सुमारास ते अमेरिकेला गेले. देशाला त्यांचे नाव कळले ते १९७७ च्या एका चित्रपटगीतातून, आणि ते नाव खऱ्या माणसाचे आहे हे ऐकणाऱ्यांपैकी बहुतेकांना माहीत नव्हते. मेहली मेहता १९५५ साली परदेशी गेले, झुबिन त्याआधीच व्हिएन्नाला गेले होते. ज्यांची नावे झाली त्यांच्यावर पुस्तके आहेत. सिनेमाच्या गाण्यांत हजारो वेळा व्हायोलिन वाजवून निवृत्त झालेल्यांची नावे तबकडीवरही आली नाहीत.

२००६ साली नरिमन पॉइंटच्या एनसीपीएने सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया स्थापन केला. त्यांना संगीत संचालक मिळाले ते कझाकस्तानचे प्रसिद्ध व्हायोलिनवादक मरात बिसेनगालिएव्ह. ते स्वतः या ऑर्केस्ट्राबरोबर एकल वादक म्हणूनही उभे राहतात. सुरुवातीला पुष्कळसे वादकही कझाकस्तानातून आणि इतर देशांतून आले. सव्वाशे कोटींच्या देशाला ऐंशी वादक मिळत नाहीत, अशी टीका तेव्हा झाली. ही टीका मला वरवरची वाटते. खरा प्रश्न असा की कझाकस्तानला ते कसे मिळाले? कझाक लोक गवताळ प्रदेशातले मेंढपाळ. त्यांची वाद्ये दोम्ब्रा आणि कोबिझ. व्हायोलिनची परंपरा नाही, घराणी नाहीत. सोव्हिएत राजवटीत अल्मा-आतामध्ये १९४४ साली संगीत महाविद्यालय निघाले, शहराशहरांत मुलांसाठी संगीतशाळा निघाल्या, आणि दोन पिढ्यांत मेंढपाळांची नातवंडे बेथोव्हेन वाजवू लागली. त्या राजवटीने त्याच लोकांना दुष्काळात कसे मारले हेही विसरून चालणार नाही. पण संस्कार रक्तात असावा लागतो, सात पिढ्यांची साधना लागते, असे जे आपल्याला ऐकवले जाते त्याला याहून चोख उत्तर नाही. कलिंपाँगच्या गांधी आश्रम शाळेत एका जेझुइट पाद्र्याने १९९० च्या दशकात मजुरांच्या मुलांच्या हातात व्हायोलिन दिले. त्यांतली काही मुले पुढे युरोपात शिकायला गेली. व्हेनेझुएलात १९७५ पासून हेच देशभर चालले.

बाबासाहेब उत्तरायुष्यात व्हायोलिन शिकत होते. पन्नाशी उलटलेली, प्रकृती ढासळलेली, डोक्यावर राज्यघटना आणि हिंदू कोड बिल. अशा माणसाने साठे नावाचे शिक्षक ठेवून सरगमपासून सुरुवात केली. त्यांचे व्हायोलिन आज पुण्याच्या सिंबायोसिसच्या संग्रहालयात पाहायला मिळते. आपण त्याचे काय केले? एक हळवी आठवण केली. महापुरुषाला रसिकताही होती, असे सांगून आपण मोकळे झालो. मला त्यात वेगळी गोष्ट दिसते. बाबासाहेब किती चांगले वाजवत होते हा प्रश्न गौण आहे. ज्या समाजाला वाद्य नेमून दिले जाते त्या समाजातला एक माणूस आपल्याला हवे ते वाद्य निवडतो, त्यासाठी उतारवयात विद्यार्थी होतो, आणि त्यातून त्याला कोणाची करमणूक करायची नसते. गावगाड्यात आपल्या वाद्याला हे एकच कधी परवडले नाही: स्वतःसाठी वाजणे.

इथे कोणी म्हणेल की हा अभिजनांच्या संगीताचा मोह आहे, आपली हलगी आपल्याला पुरे. या आक्षेपाशी माझे अर्धे भांडण आहे. हलगी ही कला म्हणून, मानाने, मोबदल्याने वाजवणाऱ्या तरुणांविषयी मला अभिमान वाटतो. पण हलगी आपली, व्हायोलिन त्यांचे, अशी वाटणी आपणच मान्य केली तर गावगाड्याने केलेल्या वाटपावर आपण सही केली. हलगीवाल्याच्या मुलीला चेलो हवा असेल तर? आणि सदाशिव पेठेतल्या मुलाने हलगी घेतली तर त्याला ती मिरवणुकीपुरती हौस म्हणून हवी आहे की बारा वर्षे शिकण्याचे शास्त्र म्हणून? दोन्ही वाटा उघडल्याशिवाय हे भांडण मिटणार नाही. सध्या तर आपल्या मिरवणुकांत हलगीही नाही आणि व्हायोलिनही नाही. ट्रकवर रचलेल्या डीजेच्या भिंती आहेत, आणि माणसाच्या हाताला त्यात काही काम उरलेले नाही.

शेवटी नाशिक जिल्ह्यापुरते बोलतो. भीमराव कर्डक या जिल्ह्याचे. त्यांच्या जलशांनी खेड्यापाड्यांत जे काम केले ते अनेक सभांनी झाले नसते. वामनदादा कर्डक सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचे. गाण्यांचे शब्द बऱ्याच अंशी छापले गेले आहेत. चाली मात्र गळ्यात आहेत, आणि गळे एकेक करून चालले आहेत. २००४ साली वामनदादा गेले, २०१० साली विठ्ठल उमप गेले. गोव्याच्या गावशाळेने जे दिले ते आपण स्वतःला दिलेले नाही: सूर लिहिण्या-वाचण्याची साक्षरता. ती असती तर जलशाची चाल कागदावर उतरली असती, आणि एकदा कागदावर उतरली की ऐंशी माणसे ती एकत्र वाजवू शकतात, मग ती येवल्यातली असोत की व्हिएन्नातली. १३ ऑक्टोबरला मुक्तिभूमीवर जमणाऱ्या शाहिरांत अजून अशी माणसे आहेत ज्यांना जुन्या चाली पूर्ण पाठ आहेत. जिल्ह्यातल्या शाळांमधून, बँड पथकांतून, चर्चमधून स्वरलिपी जाणणारे कोणीतरी सापडेल. सुरुवातीला दोनच माणसे आणि एक वही लागेल: एकाने गायचे, दुसऱ्याने लिहायचे, आणि चुकले तिथे पहिल्याने थांबवायचे.